विसाराचा पैसा कोणाचा?

पुण्याहून मुंबईकडे जातांना कामशेत येथें डावीकडे पवनेच्या खोऱ्याकडे वळलें म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं बेडसें हें लहानसें गांव लागतें. गांवावरच्या डोंगरांत, पायऱ्यांची लांबलचक चढण संपल्यावर, खडकांतील एका अरुंद बोळांतून आंत शिरावें लागतें. आणि मग एकदम उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं, व त्यांच्या मागें चैत्यगृहाचें भव्य द्वार दृष्टीस पडतें. हें लेणें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें आहे. तेथें एक लहानसा लेख कोरलेला आहे. नासिकच्या आनंद नांवाच्या श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याचें हें दान, एवढेंच तो लेख सांगतो. जवळच्या पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नांवाच्या एका महारठिणीचें नांव आहे. दान देणाऱ्यांचीं नांवें उरलीं. ज्यांनीं छिन्नी चालविली त्यांचीं उरलीं नाहींत.

लेणें हें सांगून घडविलेल्या वस्तूचें पराकाष्ठेचें उदाहरण होय. कापडाचा तागा एका गिऱ्हाइकानें नाकारला तर तो दुसऱ्यास विकतां येतो. पितळेचें भांडें नाकारलें तर निदान त्याची मोड होते. पण डोंगराच्या पोटांत अर्धा खोदलेला खांब ना दुसऱ्या गांवीं नेतां येतो, ना त्याचा पुन्हा खडक करतां येतो. अशा कामांत मागणी करणाराचें मन मध्येंच फिरलें, तर झालेल्या श्रमाचें मोल कोणीं सोसावयाचें? आणि उलट, पैसे घेऊन बसलेल्या कारागिरानें छिन्नीच उचलली नसेल, तर त्या पैशांवर त्याचा हक्क कसला? हे दोन प्रश्न जुने आहेत. आज ते ज्या एका वस्तूच्या निमित्तानें शहरांतील घराघरांत उभे राहतात, ती वस्तु म्हणजे नवी मोटारगाडी.

या प्रश्नाला मावळ प्रांत परका नाहीं. बेडशापासून फार दूर नसलेल्या तळेगांव येथें जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला; तेथील उत्पादन २०२० सालच्या अखेरीस थांबलें, आणि पुढें तो कारखाना ह्युंदाई कंपनीनें घेतला. त्याच्या पलीकडे चाकण येथें बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या एका गाडीची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं सुरू झाली, तेव्हां पहिल्या २५,००० गाड्यांची मागणी अवघ्या ५७ मिनिटांत नोंदली गेली. म्हणजे गाडी डोळ्यांसमोर उभी नसतांना, आणि ती केव्हां मिळेल हें निश्चित ठाऊक नसतांना, हजारों कुटुंबें एका बैठकींत पैसे भरतात. या पैशाला इंग्रजी वळणानें 'बुकिंगची रक्कम' म्हणतात. मराठींत त्याला जुना व अधिक नेमका शब्द आहे: विसार.

प्रश्न असा कीं, गिऱ्हाइकानें पुढें गाडी घेण्याचें रहित केलें, तर हा विसार त्याला परत मिळावा कीं नाहीं?

एक कल्पित उदाहरण घेतलें म्हणजे विषय स्पष्ट होईल. मावळांत आतां भाताच्या खाचरांच्या जोडीला फुलशेती वाढली आहे; तळेगांवच्या परिसरांतील पॉलिहाऊसांतले गुलाब दरवर्षीं फेब्रुवारींत परदेशीं रवाना होतात. समजा, पवनेच्या खोऱ्यांतील एका बागायतदारानें आपलीं फुलें न कोमेजतां मुंबईला पोचावीं म्हणून एक मालवाहू मोटार नोंदविली. तिच्या सांगाड्यावर ऊन आंत येऊं न देणारी बंद पेटी, आंत फुलांच्या बादल्यांसाठीं फळ्या, बाहेर बागेचें नांव व ठराविक रंग, असें सर्व त्यानें आपल्या गरजेबरहुकूम सांगितलें. विसार म्हणून त्यानें १,००,००० रुपये भरले. त्यानंतर महिन्याभरांत वादळी पावसानें पॉलिहाऊसचें छप्पर उडालें. गाडी घेणें आतां त्याच्या ऐपतीबाहेरचें झालें. तो विक्रेत्याकडे जाऊन म्हणतो, "माझे लाख रुपये परत द्या." विक्रेता छापील कागद पुढें करतो. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, एकदां भरलेली रक्कम कोणत्याहि कारणास्तव परत मिळणार नाहीं, आणि खालीं बागायतदाराची सही असते.

दोघांचीहि बाजू ऐकण्याजोगी आहे. बागायतदार म्हणतो, "गाडी मला मिळाली नाहीं, मग पैसे तुमचे कसे?" विक्रेता म्हणतो, "तुमच्या शब्दावर मी कारखान्याकडे मागणी धाडली. तुमच्या मापाची पेटी तयार झाली. तुमच्या बागेचें नांव लिहिलेली गाडी आतां मी कोणाच्या गळ्यांत घालूं?" ऐकणाराला पहिल्यानें एकाचें पटतें, मग दुसऱ्याचें पटतें, आणि म्हणूनच हा प्रश्न नुसत्या सहानुभूतीनें सुटत नाहीं. त्यासाठीं विसार म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे.

पैसा दुसऱ्याच्या हवालीं करण्याचे प्रकार अनेक. कांहीं पैसा परत न घेण्याच्याच बोलीनें दिलेला असतो. नासिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रपात्रांची सोय व्हावी म्हणून त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले: २,००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें आणि १,००० दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज उपभोगावयाचें, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. त्या काळच्या माणसांनीं ही अट आडपडदा न ठेवतां दगडांत कोरली, निगमसभेंत ती वाचून दाखविली, आणि तिची नोंद केली. परत न मिळणारी ठेव ही कल्पना अन्यायाची नाहीं. मात्र ती देणाराला पुरती ठाऊक असली पाहिजे, हें त्या लेखावरून शिकण्यासारखें आहे.

विसाराची गोष्ट याहून निराळी. विसार हें दान नव्हे, आणि नुसती आगाऊ किंमतहि नव्हे. तो शब्दाचा जामीन आहे. आपल्या धर्मशास्त्रांत त्याला सत्यंकार असें अन्वर्थक नांव आहे. ज्याच्या योगानें बोलणें खरें होतें तो सत्यंकार. याज्ञवल्क्यस्मृतींत सत्यंकाराचें द्रव्य दुप्पट परत देवविण्याचा नियम सांगितला आहे. रोमन कायद्यांतहि जस्टिनियन बादशहाच्या काळीं हाच न्याय होता: घेणारा मागें सरला तर त्यानें दिलेला विसार बुडावा, आणि विकणारा मागें सरला तर त्यानें तो दुप्पट परत करावा. फ्रान्सच्या ग्राहक कायद्यांत हें तत्त्व आजहि टिकून आहे. या सर्व नियमांतील मर्म एकच आहे. विसार दोघांनाहि बांधतो. आजच्या छापील कागदांवर मात्र पुष्कळदां पहिलें अर्धें वाक्य शिल्लक राहतें आणि दुसरें अर्धें गळून जातें. गिऱ्हाईक फिरलें तर पैसे बुडाले. विक्रेत्यानें सहा महिने गाडी दिली नाहीं, किंवा मध्येंच किंमत वाढविली, तर त्याबद्दल अक्षरहि नसतें. अशा एकतर्फी विसाराला विसार म्हणणें हाच भाषेवर अन्याय आहे.

हिंदुस्थानांतील कायदा या बाबतींत काय सांगतो? मोटारीच्या विसारापुरता वेगळा नियम नाहीं. १८७२ चा करारकायदा व १९३० चा मालविक्रीचा कायदा हेच येथें लागू होतात. करारकायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणें, करार मोडणारानें त्यापासून साहजिकपणें उद्भवलेल्या नुकसानाची भरपाई केली पाहिजे. ७४ वें कलम त्याहून महत्त्वाचें आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें कागदांत लिहिलेलें असलें, तरी न्यायालय तेवढी रक्कम आंधळेपणानें देववीत नाहीं. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा समजून, तिच्या आंत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई देववितें. सही केली म्हणजे सर्व संपलें, ही समजूत म्हणूनच पुरतीशी खरी नाहीं.

सर्वोच्च न्यायालयापुढें हे वाद वेळोवेळीं आले. १९६३ सालीं दिल्लींतील एका घरजमिनीच्या व्यवहाराचा निकाल लागला. घेणारानें विसार म्हणून १,००० रुपये आणि ताबा घेतांना आणखी २४,००० रुपये दिले होते. विकणारा सर्व २५,००० रुपये जप्त करूं पाहत होता. न्यायालयानें १,००० रुपये विसार म्हणून बुडूं दिले. पण उरलेले २४,००० हा विसार नव्हे, किंमतीचा भाग आहे, असें ठरविलें. १९६९ सालीं मौला बक्ष यांचा खटला आला. त्यांनीं लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडीं व मासळी पुरविण्याचे ठेके घेऊन १८,५०० रुपये अनामत ठेवले होते. पुरवठा झाला नाहीं म्हणून सरकारनें ती अनामत जप्त केली. न्यायालयानें विचारलें कीं, सरकारचें प्रत्यक्ष नुकसान किती झालें? बाजारांत मिळणाऱ्या मालाचें नुकसान सिद्ध करणें शक्य होतें. तें सिद्ध केलें गेलें नाहीं. सबब जप्ती टिकली नाहीं.

त्याच वर्षीं दुसराहि एक निकाल लागला, आणि तो विकणाराच्या बाजूचा आहे. महायुद्धानंतर विमानांच्या मोडीचा एक सौदा टाटा एअरक्राफ्ट कंपनीनें सुमारें दहा लक्ष रुपयांना केला होता. अटीप्रमाणें घेणारानें चवथा हिस्सा, म्हणजे २,५०,००० रुपये, भरले आणि पुढें तो फिरला. ही रक्कम विसारच होती, व ती जप्त करण्याचा हक्क करारांत स्पष्ट होता, असें म्हणून न्यायालयानें जप्ती कायम केली. व्यापारांत मुरलेल्या दोन बरोबरीच्या पक्षांनीं डोळे उघडे ठेवून केलेला करार न्यायालय सहसा मोडीत नाहीं, हें यावरून दिसतें.

यानंतरचा महत्त्वाचा निर्णय २०१५ सालचा. दिल्लीच्या विकास प्राधिकरणानें १९८२ सालीं एक भूखंड लिलावांत काढला होता. बोली ३ कोटी १२ लक्षांची, आणि विसार तिच्या चवथाईचा, म्हणजे ७८ लक्षांचा. पुढें व्यवहार फिसकटला, विसार जप्त झाला, आणि तोच भूखंड नंतर ११ कोटी ७८ लक्षांना गेला. न्यायालयानें म्हटलें कीं, ज्याला तोटा झालाच नाहीं, उलट नफा झाला, त्याला भरपाई कशाची? ७८ लक्ष रुपये परत करावे लागले. नुकसान हा भरपाईचा पाया आहे. पाया नसेल तर वर इमारत उभी राहूं शकत नाहीं. हें तत्त्व एकदां हातीं आलें म्हणजे मोटारीच्या विसाराची पुष्कळशी गुंतागुंत सुटते.

परंतु कायद्याच्या जोडीला या देशांतील मोटारीच्या बाजाराचा इतिहासहि ध्यानांत ठेवला पाहिजे; कारण संवयी इतिहासांतून येतात. १९५९ साली मोटारींच्या वांटपावर सरकारी नियंत्रण आलें. त्या काळीं फियाट, अँबॅसडर व स्टँडर्ड या तीन नांवांपलीकडे निवड नव्हती. मोटारीसाठीं आणि आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीं लोक वर्षानुवर्षें यादींत नांव लावून बसत. मुलाच्या जन्माच्या सुमारास नोंदविलेली स्कूटर तो शाळेंत जाऊं लागल्यावर दारीं आली, असें घरोघरीं सांगत. १९८३ च्या एप्रिलांत मारुति मोटारीची नोंदणी उघडली. अनामत १०,००० रुपयांची, म्हणजे गाडीच्या किंमतीच्या सुमारें पांचव्या हिश्श्याएवढी. तरीहि दोन महिन्यांत सुमारें १ लक्ष ३५ हजार नोंदी झाल्या. पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजीं. एवढ्या नोंदींचा हिशेब केला तर सुमारें १३५ कोटी रुपये होतात. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वींच गिऱ्हाइकांच्या खिशांतून एवढें द्रव्य उभें राहिलें होतें.

२००९ सालीं टाटांच्या नॅनो गाडीच्या वेळीं हेंच दृश्य पुन्हा दिसलें. एप्रिलच्या ९ पासून २५ तारखेपर्यंत २ लक्षांहून अधिक लोकांनीं पैसे भरले, त्यांतील बहुतेकांनीं कर्ज काढून भरले. पहिल्या एक लक्ष गाड्यांचीं नांवें सोडतीनें ठरलीं. ज्यांना थांबावें लागलें त्यांच्या रकमेवर व्याज देण्याची योजना होती, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ज्याचा पैसा वापरला, त्याला वापराचा मोबदला मिळावा, हें येथें तत्त्वतः मान्य झालें. अलीकडे कंपन्यांच्या ठेवींविषयीं २०१४ सालीं जे नियम झाले, त्यांतहि याच दिशेनें एक पाऊल आहे. मालासाठीं घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आंत मालाच्या पुरवठ्यांत वळती झाली पाहिजे. एरवीं ती ठेव समजली जाते, आणि ठेवींचे कडक नियम तिला लागू होतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. विसार परत द्यावा कीं देऊं नये, असा सरसकट प्रश्न विचारणें हेंच चुकीचें आहे. कारण 'नोंदविलेली मोटार' या एका नांवाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु येतात.

पहिली वस्तु म्हणजे सर्वसाधारण गाडी. पांढरा किंवा करडा रंग, नेहमींचा नमुना, ज्यासाठीं मागें रांग लागलेली आहे. एकानें नकार दिला तर दुसऱ्या दिवशीं ती पुढच्याला मिळते, आणि तो आनंदानें घेतो. येथें विक्रेत्याचें नुकसान म्हणजे कारकुनाचा थोडा वेळ व कागद. असा विसार नाममात्र खर्च कापून परत केला पाहिजे. तो दाबून ठेवणें म्हणजे रांगेंतल्या दोन माणसांकडून एकाच जागेचे पैसे घेणें होय.

दुसरी वस्तु म्हणजे कारखान्यांतच निवडीप्रमाणें जुळविलेली गाडी. क्वचित मागितला जाणारा रंग, आंतील खास आसनें, विशेष यंत्रसामग्री, असे तिचे प्रकार. ही विकली जाते, पण उशिरानें व कांहीं सूट देऊन. तोटा खरा आहे, पण तो मोजतां येतो. विक्रेत्यानें ती किती दिवसांनीं, किती कमी किंमतीला विकली, हें कागदावर दाखवावें आणि तेवढेंच कापावें.

तिसरी वस्तु म्हणजे बागायतदाराच्या पेटीसारखी, एकाच्याच गरजेसाठीं घडविलेली. बेडशाच्या लेण्याची जात हीच. येथें काम सुरू झाल्यावर विसार परत मागण्याचा हक्क जवळजवळ संपतो. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या ग्राहक-नियमांत दूरस्थ खरेदीनंतर १४ दिवसांत मन बदलण्याची मुभा आहे. पण गिऱ्हाइकाच्या सांगण्याबरहुकूम घडविलेल्या वस्तूला ती मुभा नाहीं. हा अपवाद न्यायाचा आहे. कारागिराचे हात फुकट राबवून घेण्याचा हक्क कोणत्याहि ग्राहकाला नाहीं.

तरीहि या तिसऱ्या प्रकारांत एक सीमारेषा आहे, आणि ती काळाची आहे. कल्पित बागायतदारानें नोंदणीनंतर पांचव्या दिवशीं कळविलें असतें, पत्रा कापलाहि गेला नसता, तर तोटा नगण्य होता. पेटी पुरी झाल्यावर कळविलें तर हिशेब निराळा. समजा, पेटीला २,५०,००० रुपये लागले, आणि दुसऱ्या एका फुलवाल्यानें ती १,७५,००० रुपयांना घेतली. तोटा ७५,००० रुपयांचा. तेवढे विक्रेत्यानें लाख रुपयांतून वळते करावे आणि २५,००० परत द्यावे. पेटी कोणींच घेतली नाहीं, तर सर्व विसार गेला तरी बागायतदारानें तक्रार करूं नये. त्याचें दुःख खरें असलें तरी त्याचा भार दुसऱ्या कष्टकऱ्यावर टाकणें बरें नव्हे. मन बदलण्याची मुभा असावी, परंतु तिची किंमत काम जसजसें पुढें जाईल तसतशी वाढत जावी. आणि काम कोठवर आलें हें गिऱ्हाइकाला कळविण्याची जबाबदारी विक्रेत्याची असावी.

यावर विक्रेत्यांचा एक आक्षेप असतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. विसार हमखास परत मिळूं लागला तर लोक चार दुकानांत चार गाड्या नोंदवतील आणि जी आधीं येईल ती घेतील. कांहीं जण तर घेण्याच्या इराद्यानें नव्हे, तर रांगेंतील आपली जागा अधिक भावानें दुसऱ्यास विकण्यासाठीं नांव लावतील. नियंत्रणाच्या काळांत असा व्यापार चालत असे, हें वृद्धांना आठवत असेल. आक्षेप खरा आहे. पण त्याचें औषध विसाराची सबंध जप्ती हें नव्हे. नोंद दुसऱ्याच्या नांवावर करण्यास बंदी, परत करतांना एक लहान ठराविक कपात, आणि खास घडणीच्या गाडीसाठीं काम सुरू करण्यापूर्वीं गिऱ्हाइकाची दुसरी लेखी संमति, एवढ्यानें हौशी नोंदणाऱ्याला आळा बसतो आणि प्रामाणिक माणूस भरडला जात नाहीं.

राहिला विक्रेत्याच्या कसुरीचा प्रश्न. ठरलेल्या मुदतींत गाडी न दिल्यास, ठरलेला नमुना बदलल्यास, किंवा किंमत वाढविल्यास गिऱ्हाइकाला बाहेर पडण्याची पूर्ण मोकळीक असावी, आणि विसार व्याजासह परत मिळावा. याज्ञवल्क्याच्या दुपटीपर्यंत आज कोणी जाणार नाहीं. निदान व्याजापर्यंत तरी जावें. २० जुलै २०२० पासून अंमलांत येऊं लागलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानें 'अन्याय्य करार' ही कल्पना प्रथमच स्पष्ट केली आहे. अवाजवी मोठी अनामत मागणें, अथवा झालेल्या तोट्याशीं मुळींच प्रमाण नसलेला दंड लादणें, या गोष्टी तिच्यांत मोडतात. आणि असा करार राज्य आयोगापुढें नेतां येतो. हत्यार हातांत आलें आहे. पण जें हत्यार वापरावेंच लागत नाहीं तें उत्तम, आणि त्यासाठीं सावधपणा पैसे भरण्यापूर्वींच हवा.

तो सावधपणा फार अवघड नाहीं. शोरूममधील चहा संपण्यापूर्वीं घरांतील एका माणसानें नोंदणीचा कागद सावकाश वाचावा. भरलेल्या रकमेला त्यांत काय म्हटलें आहे, विसार कीं किंमतीचा हप्ता, हें पाहावें. गाडी देण्याची तारीख आहे कीं नुसताच अंदाज, किंमत नोंदणीच्या दिवसाची कीं मिळण्याच्या दिवसाची, आणि रहित केल्यास किती दिवसांत किती रक्कम परत मिळेल, हे प्रश्न विचारावे व उत्तरें लिहून घ्यावीं. तोंडीं आश्वासनें देणारा मनुष्य पुष्कळदां प्रामाणिक असतो. पण सहा महिन्यांनीं तो तेथें नोकरीस असेलच असें नाहीं. पावती कोणाच्या नांवाची, कारखान्याच्या कीं विक्रेत्याच्या, हेंहि पाहिलें पाहिजे. कारण पुढें पैसे मागावयाचे ते त्याच्याकडेच. आणि रहित करावयाचें ठरलें, तर लाजेस्तव दिवस ढकलूं नयेत. त्याच दिवशीं लेखी कळवावें. प्रत्येक दिवसाच्या दिरंगाईनें समोरच्याचा तोटा वाढतो, आणि त्याबरोबर आपला हक्क घटतो.

गाडीच्या विसाराचे पैसे बहुतेक घरांत साठवून आलेले असतात. कोणाची निवृत्तीची रक्कम, कोणाच्या बायकोनें मोडलेली भिशी, कोणाच्या मुलाचा पहिला पगार. विक्रेत्याच्या पेढीवरहि पगार वाट पाहणारे कारकून व मिस्त्री असतातच. दोन्हीकडे माणसें आहेत, म्हणूनच या व्यवहारांत दयेपेक्षां मापाची गरज अधिक आहे. जेवढा तोटा तेवढी भरपाई. त्याहून एक पैसा कमी नको आणि एक पैसा जास्तहि नको.

बेडशाच्या त्या खडकांतील पुसणकाचा लेख जेमतेम एका ओळीचा आहे. कोण, कोठला, काय दिलें, एवढें त्यांत आहे, आणि तें सर्वांना दिसेल अशा जागीं आहे. आजच्या नोंदणीच्या कागदावरहि कोणीं किती दिलें, कशासाठीं दिलें, आणि केव्हां तें परत मिळेल, एवढ्या गोष्टी तितक्याच ठळकपणें छापल्या गेल्या, तर विसाराचे निम्मे तंटे न्यायालयाची पायरी चढणारच नाहींत.